निळ्या चांदणीचं शीड

"शीड! शीड आलं! सगळ्यांत आधी मी बघितलं!"

बुरुजाच्या कठड्यावरून पचू इतका पुढे वाकला, की मोंघीने त्याच्या चड्डीला धरून त्याला मागे ओढलं.

"ते शीड नाही, बगळा आहे," खेराज म्हणाला. "काल ढगाला शीड म्हणालास, परवा धोब्याच्या चादरीला. उद्या आमच्या मांजरीला म्हणशील!"

"चादर लांबून तशीच दिसते!" पचू फुरंगटला. सात वर्षांच्या पचूला यंदा पहिल्यांदाच बुरुजावर चढायला मिळालं होतं आणि ताईने चारचौघांत चड्डीला धरून ओढणं त्याला मुळीच पसंत नव्हतं.

शाळेला सुट्टी लागून दहा दिवस झाले होते. मे महिन्यात मांडवी बंदरातल्या पोरांना एकच उद्योग. बुरुजावर बसायचं आणि समुद्राकडे डोळे लावायचे. पावसाळ्याच्या आत सगळी गलबतं घरी परततात, बसऱ्याहून, मस्कतहून, पार मोंबासाहून. एखादं शीड ओळखू आलं की ज्याचं गलबत त्याच्या घराकडे धूम ठोकायची आणि दारात ओरडायचं, "वधामणी! वधामणी!" अशी बातमी आणणाऱ्याचं तोंड गोड करायचं आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, हा बंदराचा रिवाज. जुसब होता तेरा वर्षांचा, पण नजर घारीची. यंदा त्याने चार वधामण्या पटकावल्या होत्या. त्यांतल्या एकीत मिळालेली पितळी शिट्टी तो अंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नव्हता.

मोंघी आणि खेराजला मात्र दोनच गलबतांशी मतलब होता. मोंघीच्या वडिलांचं, म्हणजे करसन नाखव्याचं 'हीरसागर', आणि खेराजच्या वडिलांचं, वेलजी नाखव्याचं 'लाभसवाई'. हे दोन नाखवे समोरासमोरच्या घरांत वाढलेले, एका ताटात जेवलेले, आणि गेली तीस वर्षं एकमेकांची जिरवायची एकही संधी न सोडणारे! करसनने मस्कतहून ठोके देणारं घड्याळ आणलं, तर पुढच्या साली वेलजीने त्याहून मोठं आणलं. ते बिघडलेलं निघालं आणि बारा वाजता तेरा ठोके देऊ लागलं, तरी "बघ, तुझ्यापेक्षा एक जास्तच!" म्हणून वेलजी मिरवायचा. वेलजीने गलबताच्या मागच्या फळीवर मोर कोरून घेतला, तर करसनने दोन मोर कोरून घेतले. वेलजीने झांजिबारहून पोपट आणला, तर करसनने गुपचूप त्या पोपटाला 'करसन जिंकला!' असं बोलायला शिकवलं.

पण खरी चढाओढ होती चार सोन्याच्या बटणांची. साखळीने जोडलेली ही बटणं दोघांनी तरुणपणी निम्मे निम्मे पैसे घालून घेतली होती, कारण तेव्हा एकट्याला ती परवडत नव्हती. आता दोघांनाही तसली दहा घेता आली असती. पण ती कोणाला हवी होती! नियम असा होता, की परतताना बुरुजावरून ज्याचं शीड आधी दिसेल त्याने पावसाळाभर ती बटणं मिरवायची. आणि हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याचं फाटलंतुटलं शीड स्वतःच्या हाताने शिवून द्यायचं. गेल्या साली वेलजीकाका जिंकले होते. सगळा पावसाळा मोंघीचे बापा त्यांच्या ओट्यावर मोठी सुई घेऊन बसले होते, आणि वेलजीकाका चहाचा घोट घेत दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "करसन, टाका वाकडा जातोय!" ते ऐकायला गल्लीतली पोरं जमायची.

"यंदाही आमचेच बापा जिंकणार," खेराज म्हणाला.

"हो, स्वप्नात!" मोंघी म्हणाली. "यंदा आमचं शीड नवं कोरं आहे."

"शीड नवं असून काय होतं? चालवणारा..."

"गप्प बसा!" जुसब एकदम उठून उभा राहिला. त्याने डोळ्यांवर हात धरला. "मोंघी, ते बघ. वरच्या टोकाला निळी चांदणी."

मोंघी ताडकन उठली. बापांच्या नव्या शिडाला पहिल्याच दिवशी खिळ्याने भोक पडलं होतं, तेव्हा तिच्या माने, म्हणजे आईने, आपल्या लग्नातली निळी ओढणी कापून त्यावर चांदणीसारखं ठिगळ लावलं होतं. असं शीड अख्ख्या दर्यात एकच होतं.

"माझ्या घरची वधामणी आहे, मीच देणार!" असं म्हणेपर्यंत ती बुरुजाच्या निम्म्या पायऱ्या उतरली होती.

मा ओट्याला चुना देत होती. "मा, वधामणी! बापा आले! बापा जिंकले!" मोंघी ओरडली आणि माच्या हातातला कुंचला बादलीत पडला. चुन्याच्या हाताने तिने मोंघीचा चेहरा धरला, गुळाचा एवढा मोठा खडा तिच्या तोंडात कोंबला, आणि पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला राणीछाप रुपया काढून तिच्या मुठीत दिला. मग शेजारणींना हाका मारत तिने अख्ख्या गल्लीत गूळ वाटला.

दुपारच्या भरतीला गलबत खाडीत शिरलं तेव्हा धक्क्यावर ही गर्दी! मा पुढे उभी, हातात नारळ आणि गुळाचं ताट. गलबत वळलं, मागची कोरीव फळी दिसली, आणि खेराज जागच्या जागी उडाला.

"एकच मोर! अरे, एकच मोर आहे! हे तर आमचं 'लाभसवाई'!"

खरंच की! शीड करसन नाखव्याचं आणि गलबत वेलजी नाखव्याचं. लोक एकमेकांकडे बघू लागले. वेलजी नाखवा फळीवरून उतरला. एरवी हा माणूस उतरायच्या आधी दहा आरोळ्या ठोकायचा, आज मान खाली घालून आला. त्याला माचं ताट दिसलं. चुन्याचे हात दिसले. तेवढ्यात कोणीतरी हौशीने गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, आणि तो तसाच उभा राहिला. चावेना की गिळेना.

"आमचे कुठे आहेत?" माने विचारलं.

"मागे," वेलजीकाका म्हणाले. "मागून... मागून येतोय. मस्कतला माल भरायचा राहिला."

"आणि त्याचं शीड तुझ्याकडे कसं रे?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"जिंकलं. मी... जिंकलं त्याच्याकडून."

धक्क्यावर हशा पिकला. "बटणं पुरेनात, आता शिडावर आले दोघे!" म्हातारे एकमेकांना टाळ्या देऊ लागले. मासुद्धा हसली. "येऊ दे त्यांना! शीड हरून येणाऱ्याला दुसरं शिवून द्यायला मी काही बसलेली नाही!"

सगळे हसत होते. मोंघी वेलजीकाकांच्या सदऱ्याकडे बघत होती. तिथे सोन्याची बटणं नव्हती. सदरा दोऱ्याने बांधलेला होता.

संध्याकाळी वेलजीकाका एक बोचकं घेऊन आले. "करसनचं सामान," एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. "ते आले की त्यांनाच सोडू दे," म्हणून माने ते बोचकं फळीवर ठेवलं. पण त्यात खजूर असणार हे पचूच्या नाकाला कळलं होतं. गलबत आल्याच्या चौथ्या दिवशी मा पाण्याला गेल्याबरोबर हे महाशय स्टुलावर चढले, आणि मोंघी रागावणार तोच त्यांनी बोचक्यातून हात बाहेर काढला.

"ताई, हे बघ!"

त्याच्या मुठीतून सोन्याची साखळी लोंबत होती. चार बटणं!

बुरुजावर चौघांची सभा भरली.

"वेलजीकाका जिंकले असतील तर बटणं त्यांच्याकडेच राहायला हवीत," मोंघी म्हणाली. "आमच्याकडे आली, म्हणजे बापा जिंकले. जो अजून आलाच नाही तो जिंकेल कसा?"

"आणि शीड पैजेवर कधी लावलं होतं का कोणी?" जुसब म्हणाला. "शिडाशिवाय मागचं गलबत काय वल्ही मारत येणार?"

खेराज कठड्यावरची माती नखाने खरवडत होता. "आमच्याकडे पण काहीतरी गडबड आहे," तो शेवटी म्हणाला. "बापा जेवत नाहीत. काल पोपट ओरडला, 'करसन जिंकला!' एरवी बापा त्याला मिरची फेकून मारतात. काल त्यांनी पिंजऱ्यावर पंचा टाकला आणि मागच्या दारी जाऊन बसले."

"मी सांगू का एक?" जुसबने आवाज खाली आणला. "'लाभसवाई' वाळूवर ओढून घेतलंय ना, सगळे खलाशी घरी गेले. मग वेलजीकाकांचा गडी जखूकाका शिडीपाशी पहारा कसला देतो? आणि रोज दुपारी तो दोन रोटले, लसणाची चटणी आणि वाटीभर तेल घेऊन आत जातो. मी तीन दिवस बघतोय. रिकाम्या गलबतात रोटला खातं कोण?"

"सोनं!" पचू किंचाळला. "चोरून आणलेलं सोनं!"

"सोनं रोटला खातं का रे, गाढवा? आणि माझे बापा चोर आहेत का?" खेराज त्याच्या अंगावर धावला.

मोंघी मात्र एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, तुम्हाला कळत कसं नाही! बापाच आहेत आत! शीड त्यांचं आलं, बटणं त्यांची आली, आणि रोटला खाणाराही आला. लपून बसलेत ते! आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी खजुराच्या पोत्यात शिरून घरी आले होते? माने भीतीने लाटणं फेकून मारलं होतं! यंदाही दोघांनी मिळून काहीतरी बेत केलाय, आणि आपल्याला चार दिवस येड्यात काढतायत!"

सगळं कसं फट्‌दिशी जुळलं. खेराजचा चेहरासुद्धा उजळला. "म्हणूनच बापा आमच्याशी बोलत नाहीत! बोलले की हसू फुटेल ना!"

"मग आपणच त्यांना पकडायचं," मोंघी म्हणाली.

पाच मिनिटांत बेत ठरला.

भर दुपारी खाडीच्या वाळूवर चिटपाखरू नव्हतं. सुतार हत्यारं ठेवून जेवायला गेले होते. टेकू लावून उभ्या केलेल्या गलबतांच्या सावलीत कुत्री पसरली होती. 'लाभसवाई'च्या शिडीखाली जखूकाका पागोटं डोळ्यांवर ओढून बसला होता. तो झोपलाय की जागा आहे हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

जखूकाकाचा जीव फक्त एका प्राण्यात होता, आणि तो म्हणजे त्याची शेळी. पचूने तिचं दावं सोडलं आणि तिच्या पुढ्यात बाभळीच्या शेंगा धरत तिला थेट सुतारांच्या सामानापर्यंत नेलं. तिथे फळ्यांच्या फटींत भरायचा तेलात भिजवलेला कापूस ठेवला होता. ठरल्याप्रमाणे जुसबने शिट्टी फुंकली.

"जखूकाका! तुमची शेळी कापूस खातेय! तेलातला!"

"आँ? अगं ए! पोट फुटेल की तुझं!" जखूकाका पागोटं तिथेच टाकून धावला. शेळीला वाटलं, हा खेळ आहे. तिने कापसाचा बोळा तोंडात धरून सुतारशाळेला चक्करच मारायला सुरुवात केली.

मोंघी, खेराज आणि जुसब शिडीवरून सरसर वर गेले. पचूही धापा टाकत मागून पोचला. डेकवर ऊन नुसतं भाजत होतं. आत उतरायच्या झाकणाची एक फळी बाजूला सरकवलेली होती.

"मी आधी," मोंघी कुजबुजली.

ती अंधारात उतरली. आत खजुराचा आणि डांबराचा वास होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण कोपऱ्यात कोणीतरी हललं आणि खोकलं.

"बापा, पकडलं!" मोंघी टाळ्या वाजवत ओरडली. "पकडलं, पकडलं! आता बाहेर या!"

कोणी हसलं नाही.

हळूहळू अंधार निवळला. कोपऱ्यात एक पणती जळत होती. पणतीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी.

"दादा?" मागून जुसबचा आवाज आला. "दादा, तुम्ही?"

ते अमदचाचा होते, जुसबचे आजोबा. वीस वर्षं करसन नाखव्याच्या गलबतावर सारंग म्हणून राबलेले. नाखव्याच्या खालोखाल त्यांचाच शब्द चालायचा. ते 'हीरसागर'वर असायला हवे होते. ते इथे होते, म्हणजे 'हीरसागर' कुठे होतं?

मोंघीला ते तेव्हाच कळलं. तरी तिने विचारलं. "चाचा, बापा कुठे लपलेत?"

अमदचाचांनी पणती जरा बाजूला सरकवली. मग त्यांनी फक्त हात पुढे केला आणि पणतीमागचं एक लहानसं मडकं दाखवलं. त्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं होतं.

पचू मडक्याकडे बघत राहिला. "यात काय आहे?" त्याने विचारलं. मोंघीने त्याला जवळ ओढलं आणि त्याचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

"मसिरा बेटाजवळ," अमदचाचा सांगू लागले. "पहाटे वारा फिरला आणि आपलं गलबत खडकावर गेलं, पोरी. वेलजी नाखवा पुढे होता. यंदाही तोच जिंकत होता. मागे आपलं शीड दिसेना, तसा तो शर्यत सोडून मागे फिरला. त्याने होडी पाठवली. होडीत सहाच मावले. आम्ही तिघे म्हातारे राहिलो, आणि तुझे बापा. त्यांनी शीड सोडवलं, बांबूला गुंडाळून आवळून बांधलं आणि आम्हाला म्हणाले, याला धरा, हे बुडत नाही. मी म्हणालो, नाखवा, तुम्ही? म्हणाले, 'सारंग, नवं शीड आहे, चौघांनी ओढलं तर टाके उसवतील. बायको मला घरात घेणार नाही.' त्या वेळीसुद्धा चेष्टा! आम्हाला ढकललं आणि मागून डोलकाठी मोडून पडली." त्यांनी डोळे पुसले. "तिसऱ्या दिवशी सापडले. तिथल्याच किनाऱ्यावर वेलजी नाखव्याने अग्नी दिला."

"पण तुम्ही घरी का नाही आलात, दादा?" जुसब रडत होता. "मी रोज समोरच्या बुरुजावर होतो!"

"नाखव्याला एकटं कसं सोडू, बेटा? कोणीतरी पणतीपाशी बसायला नको का? वेलजी नाखवा रोज म्हणतो, उद्या सांगतो, उद्या सांगतो. त्याने सगळ्यांना दर्याच्या देवीची, सिकोतर मातेची शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून. बाकीचे खलाशी सलाया बंदराचे, त्यांना सलायाला उतरवलं. मी म्हटलं, मी माझ्या नाखव्याबरोबरच उतरेन."

शिडीवर पावलं वाजली. जखूकाकाने बोलावून आणलेले वेलजीकाका आत डोकावले. आधी त्यांना खेराज दिसला. "कोण तिथे? कोणी तुम्हाला..." असं ते गरजले, आणि मग त्यांना मोंघी दिसली.

एवढा धिप्पाड माणूस शिडीच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसला.

"खोटं का सांगितलंत, काका?" मोंघी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "शीड का लावलंत? मी ते बघून धावले ना! मी माला सांगितलं ना, बापा आले म्हणून!"

"मी त्याला कबूल केलं होतं," वेलजीकाका म्हणाले. "चितेपाशी. म्हटलं, करसन, यंदा तुझंच शीड आधी दिसेल. तू जिंकशील. माझं खाली उतरवलं आणि त्याचं चढवलं. सगळा रस्ता मी त्याच्याच शिडाने आलो. बुरुजावर पोरं बसली असतील, कोणी वधामणी द्यायला धावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं दर्यावर काढली आणि एवढं साधं सुचलं नाही मला! मी ठरवलं होतं, उतरायचं आणि अनवाणी थेट तुझ्या माच्या समोर जायचं. उतरलो, तर समोर ती गूळ घेऊन उभी. माझ्या तोंडात त्याच्याच नावाचा गूळ घातला गं लोकांनी. त्या तोंडाने कसं सांगू? चार दिवस दाराशी जातो. 'वहिनी, काही हवं का?' विचारतो आणि परत फिरतो."

खेराज बापाजवळ जाऊन उभा राहिला. चार दिवस त्याला वाटत होतं की आपले बापा कशात तरी फसलेत. आता त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना. मग त्याने ठेवला.

मोंघीने परकराच्या गाठीतला रुपया चाचपला. अजून एक काम राहिलं होतं.

"मी सांगेन," ती म्हणाली.

"नको पोरी, ते माझं..."

"ती बातमी मी नेली होती, काका. मग हीसुद्धा मीच नेणार. तुम्ही माझ्या मागून या."

गल्लीतून ते निघाले. पुढे पचूचा हात धरून मोंघी, मागे मडकं छातीशी धरलेले वेलजीकाका, त्यांच्या बाजूला हाताच्या आडोशाने पणती जपणारे अमदचाचा, शेवटी खेराज आणि जुसब. भर उन्हात वाऱ्याने पणती विझू नये म्हणून सगळेच सावकाश चालत होते. ओट्यांवर बसलेले लोक एकेक करून उभे राहिले.

मा उंबरठ्यावर बसून रांगोळीचे ठिपके काढत होती. आज तिने ओट्याला चुन्याचा दुसरा हात दिला होता.

"मा," मोंघी म्हणाली, "मी त्या दिवशी चुकीचं ओरडले." आणि तिने रुपया माच्या पुढ्यात ठेवला.

माने आधी रुपयाकडे बघितलं. मग मागच्या माणसांकडे, पणतीकडे, लाल फडक्याकडे. तिचा हात रांगोळीतच राहिला. रांगोळीने भरलेल्या बोटांनी तिने रुपया उचलला, मोंघीच्या मुठीत परत घातला आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट बंद केली.

"चुकीचं नाही ओरडलीस," ती म्हणाली. "शीड त्यांचंच होतं." आणि मग तिने मोंघीला कवटाळून हंबरडा फोडला, आणि मोंघीसुद्धा इतका वेळ अडवून धरलेलं सगळं रडून मोकळी झाली.

तेराव्या दिवशी पंच जमले. खारव्यांच्या, म्हणजे दर्यावर्दींच्या, जमातीचे सर्वांत म्हातारे नाखवे चौघा मुलांना पुढे बोलावून म्हणाले, "आमच्यासारखी पिकली पानं धक्क्यावर उभी राहून हसत होती. वेलजीच्या बटणं नसलेल्या सदऱ्याकडे एकानेही बघितलं नाही. या पोरांनी बघितलं. आणि जी गोष्ट सांगायची आमच्यातल्या एकाही मर्दाची छाती झाली नसती, ती या पोरीने सांगितली. शाबास, मोंघी! करसनची पोर शोभतेस!" सगळ्यांनी माना डोलावल्या. जुसबला नवा सदरा मिळाला, खेराजला दुर्बीण, आणि पचूला शेळी सोडल्याबद्दल ओरडायचं का शाबासकी द्यायची यावर पंचांचं एकमत झालं नाही. मोंघी मान खाली घालून उभी होती. ही शाबासकी ऐकून बापांनी गल्लीभर किती मिरवलं असतं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

पाऊस सुरू झाला. सगळी गलबतं झावळ्यांखाली झाकली गेली.

एक दिवस सकाळी वेलजीकाका मोंघीच्या ओट्यावर येऊन बसले. हातात मोठी सुई, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधलेला. त्यांनी निळ्या चांदणीचं शीड मांडीवर ओढलं. खडकांनी ते तीन ठिकाणी फाटलं होतं. "हरलेला माणूस आहे मी," ते माला म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

तेव्हापासून ते रोज यायचे. खाली मान घालून शिवत बसायचे. कोणी थट्टा करायचं नाही, कोणी जमायचं नाही. सोन्याची बटणं पचूच्या सदऱ्याला लावली होती आणि शेवटचं बटण त्याच्या बेंबीच्याही खाली पोचत होतं. समोरच्या घरातून पोपट अधूनमधून ओरडायचा, "करसन जिंकला!" त्याच्या पिंजऱ्यावर आता कोणी पंचा टाकत नसे.

पाऊस जरा उघडलेल्या एका दुपारी मोंघी चहा घेऊन बाहेर आली. वेलजीकाका निळ्या ओढणीच्या चांदणीपाशी पोचले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे सुई भलतीकडेच जात होती. पूर्वी या वेळी गल्लीत केवढा दंगा असायचा! बापा असते तर ते इथे, या खांबाला टेकून बसले असते. एक पाय हलवत, चहा फुरकत. आणि ते वाक्य म्हणायची त्यांची यंदाची पाळी होती.

मोंघीने चहा खाली ठेवला. ती खांबाला टेकून बसली. घसा खाकरून तिने आवाज जमेल तेवढा जाड केला.

"वेलजी," ती म्हणाली, "टाका वाकडा जातोय!"

वेलजीकाकांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. मग ते हसले, आणि हसता हसता ढसाढसा रडू लागले. दारात उभी राहिलेली मासुद्धा रडत होती. मोंघी जागची हलली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, आठ-दहा टाके उसवले, आणि पुन्हा पहिल्यापासून, सरळ घालायला घेतले.